सहा गाणी आणि माझा डावा हात

नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याला आमच्या झाडीपट्टीत मास्तर म्हणतात. मी सव्वीस वर्षं मास्तर आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक लागतं आणि हा हंगाम होळीपर्यंत चालतो. उरलेले महिने मी सडक अर्जुनी तालुक्यातल्या माझ्या गावी धान करतो. गाणारा नवा असो, घसा बसलेला असो, ऐन वेळी पट्टी बदलून मागणारा असो, माझं कधी अडलं नाही. कोणी 'काळी चार' म्हटलं की हात काळी चारवर. गाता गाता कोणी भरकटलं तर मी त्याच्यासोबत भरकटतो आणि त्याला हळूच जागेवर आणून सोडतो. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. ही फुशारकी नाही, माझ्याबरोबर गायलेल्या कोणालाही विचारा.

ऑर्गन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावोगाव फिरतो, त्यामुळे दर हंगामात त्याचं काही ना काही मोडतं. ते दुरुस्त करता करता मी लोकांच्या पेट्याही दुरुस्त करायला लागलो. चार वर्षांपूर्वी होळीनंतर मला आमगावहून एका बाईंचा फोन आला.

"पेटी दुरुस्त करता म्हणतात तुमी?"

"करतो."

"पेटी मोठी आहे."

"किती मोठी?"

"कपाटाएवढी. पियानो आहे."

पियानो मी तोवर फक्त सिनेमात पाहिला होता. तरी मी म्हटलं, "करतो." दुसऱ्या दिवशी कोहमारा, गोरेगाव करत मोटरसायकलने आमगावला पोहोचलो.

घर रेल्वेलाइनच्या अगदी जवळ होतं, दोन खोल्या आणि पुढे फरशीची ओसरी. बाई सत्तरीच्या आसपासच्या होत्या, सडपातळ, पांढरे केस बारीक कापलेले. मूळच्या देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या, गोंड घरातल्या. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, लग्न केलेलं नाही. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणत होता, मीही सिस्टरच म्हणू लागलो. त्यांनी ज्या दवाखान्यात नोकरी केली तिथला जुना हॉल पाडायचा होता. हॉलमधला पियानो कोणाला नको होता. सिस्टरने तो मागून घेतला, खाली धानाचं तणस अंथरून ट्रॉलीत घातला आणि घरी आणला. पुढची खोली त्यानेच भरून गेली होती.

मी खालची फळी काढली. आत उंदरांनी घर केलेलं. पट्ट्या ओल धरून फुगल्या होत्या, निम्म्या दाबल्या की वर येतच नव्हत्या. तारांवर आपटणाऱ्या लहान लहान हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा किड्यांनी खाल्लेला. मी सिस्टरला सांगितलं, होऊन जाईल. मग घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो.

पण झालं. पट्ट्या एकेक काढून काचकागदाने घासल्या. जाड घोंगडीचे तुकडे हातोड्यांना चिकटवले. तारा पिळायला चौकोनी भोकाची किल्ली लागते, ती कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने पान्याला घासून करून दिली. एकेका सुराला तीन तीन तारा असतात, त्या एकाच वेळी वाजल्या तर कानाला काही कळत नाही. मी चपलेच्या रबराच्या चिपा करून दोन तारांमध्ये खोचायचो आणि तिसरी मोबाईलवर बघून जुळवायचो. महिनाभर मी आठवड्यातून दोनदा आमगावला जात होतो. खालच्या दोन तारा शेवटपर्यंत वठणीवर आल्या नाहीत. बाकी पियानो बोलू लागला.

काम संपलं त्या दिवशी मी खुशीत होतो. नाट्यगीताची एक चाल दोन्ही हातांनी वाजवून दाखवली. सिस्टर ऐकत उभ्या होत्या. मग आत जाऊन त्यांनी एक पातळ पुस्तक आणलं. कव्हर गेलेलं, कडा दवाखान्यातल्या पांढऱ्या पट्टीने चिकटवलेल्या.

"याच्यात सहा गाणी आहेत," त्या म्हणाल्या. "इंग्रजी. शंभरएक वर्षांच्या आधीची. कोण्या कवीच्या कविता घेतल्या आणि चाल बसवली. एकाने म्हणायचं, एकाने पियानो वाजवायचा. बस दोघं."

"देवाची गाणी?"

"नाही. देवाची नाही, नाटकाची नाही, नाचाची बी नाही. घरात बसून म्हणाची."

नर्सिंग शिकताना त्यांची मेट्रन परदेशी होती, वयस्क. तिने सिस्टरचा आवाज ऐकला आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास ही गाणी शिकवली. मेट्रन वाजवायची, सिस्टर गायच्या. तीन वर्षांनी मेट्रन आपल्या देशात परत गेली, जाताना पुस्तक देऊन गेली. त्यानंतर पियानो वाजवणारं कोणी भेटलं नाही. चाळीसहून जास्त वर्षं सिस्टर ही गाणी एकट्याच म्हणत आल्या होत्या.

मी पुस्तक उघडलं. पाच पाच रेघांच्या ओळी, त्यांच्यावर डोकं आणि शेपूट असलेले काळे ठिपके. मला त्यातलं अक्षर येत नव्हतं. पण त्याने माझं काय अडणार होतं. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"सिस्टर, तुमी फक्त एकदा म्हणून दाखवा. मी वाजवतो."

त्या म्हणू लागल्या. आवाज वयाचा होता, वर जरा कापायचा, पण सूर पक्का. पट्टी पांढरी पाच होती. दोन ओळींत मला चाल सापडली आणि मी तिच्या बरोबरीने वाजवायला लागलो. तेवढ्यात सिस्टर थांबल्या. मला वाटलं शब्द विसरल्या. आमच्याकडे गाणारा विसरला की मास्तरने जागा भरायची असते, म्हणून मी एक छानशी तान घेतली. त्या माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. मग पुन्हा गाऊ लागल्या. पुन्हा थांबल्या. मी पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे करून पियानोचं झाकण माझ्या बोटांवर अलगद आणून टेकवलं.

"मास्तर, माह्या मागं मागं काऊन येऊन राहिले?"

"संगत करून राहिलो, सिस्टर."

"मी जे म्हणतो तेच तुमी म्हणता. मले माहीत आहे मी काय म्हणून राहिली ते. दुसऱ्याने सांगाची काय गरज?"

"आणि तुमी थांबता तेव्हा?"

"मी विसरत नाही. तिथं पियानो आहे. तिथं त्याचं बोलणं आहे, म्हणून मी चूप राहतो. तुमी तं तिथं आपलंच काहीतरी घातलं."

बावीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. मी म्हटलं, आमच्यात यालाच संगत म्हणतात, आणि किल्ली, रबराच्या चिपा पिशवीत भरून निघालो. त्यांनी अडवलं नाही. गोरेगावपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. आम्ही पोवार, घरात पोवारीत बोलतो, ते मी इथे मराठीत लिहितो. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. मला वाटलं माझी बाजू घेईल.

"बाई खरं बोलली," ती म्हणाली.

"काय खरं?"

"तुम्ही घरात पण असंच करता. मी म्हणते पोरीचं पत्र आलं नाही, फोन पण आला नाही. तुम्ही म्हणता, हो ना, फोन आला नाही. मी म्हणते विहिरीचं पाणी खाली गेलं. तुम्ही म्हणता, पाणी खालीच गेलं. माझं बोलणं मला परत देता. तुमचं काय म्हणणं आहे ते कधी सांगतच नाही."

 मी तोंड उघडलं असतं तर बहुतेक तिचंच वाक्य म्हटलं असतं. ती हसली, मग मीही हसलो. आठ दिवसांनी मी आमगावला गेलो आणि सिस्टरला सांगितलं, मला ते ठिपके वाचायला शिकवा.

तेव्हा कळलं की सिस्टरलाही पूर्ण येत नव्हतं. प्रत्येक गाण्यात तीन ओळी एकाखाली एक चालतात. वरची गाणाऱ्याची, खालच्या दोन पियानोच्या, एक उजव्या हाताची आणि एक डाव्या हाताची. सिस्टरला फक्त वरची वाचता यायची. खालच्या दोन आम्हाला मिळून उलगडायच्या होत्या. मोबाईलवर एका मास्तरणीचे धडे होते, हिंदीत, ते आम्ही दोघं ओसरीवर बसून बघायचो. मी पेन्सिलीने प्रत्येक ठिपक्याखाली लिहायचो, पांढरी तीन, काळी दोन, खालची पांढरी सहा. पुस्तकावर लिहितो म्हणून मला भीती वाटली होती. सिस्टर म्हणाल्या, "लिहा. पुस्तक कायले आहे मग?"

पहिल्या गाण्याचं पहिलं पान बसायला सव्वा महिना गेला. उजव्या हाताचं काही नव्हतं. खरा घोळ डाव्या हाताचा होता. ऑर्गनवर माझा डावा हात बावीस वर्षं आधाराचा एक सूर धरून आरामात बसलेला. इथे त्याला स्वतःचं काम होतं, उजव्यापेक्षा वेगळं, आणि कधी कधी उजव्याच्या उलट. मी शेताच्या बांधावर बसून मांडीवर बोटं आपटायचो. रोवणी चालू होती, वाकलेल्या बायांतली एक माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्या मालकाले काय झालं?" बायको म्हणाली, "डावा हात शाळेत घातला आहे."

मी खालच्या ओळींत सिस्टरची चाल शोधत होतो. ती तिथे नव्हतीच. कवितेतली बाई नदीकाठी कोणाची तरी वाट बघत असते. चाल शांत आहे, बाई म्हणते मला काही घाई नाही. आणि पियानो मात्र सारखा चालत असतो, एक सूर सोडला की दुसरा, थांबतच नाही. हे मला सिस्टरने समजावलं. त्या इंग्रजी ओळ म्हणायच्या आणि लगेच आमच्या बोलीत अर्थ सांगायच्या. "ते म्हणते घाई नाही. पण नदी काही उभी राहते का? तुमी नदी आहे." त्यांनी एवढं सांगितल्यावर डावा हात सुटला. सूर चुकायचे, पण हाताला काय करायचं ते कळलं होतं.

दुसरं गाणं पानगळीचं, ते मला कधी फार आवडलं नाही. तिसऱ्यात गाणाऱ्याचं संपतं आणि पियानो पुढे दहा ओळी एकटाच जातो. माझी सवय अशी की गाणारा थांबला की समेवर आणून टाळी घ्यायची. मी तीनदा सिस्टरबरोबर थांबलो.

"माह्यं झालं म्हणजे तुमचं झालं असं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस निघून जाते, घर तं तिथंच राहते ना. तेवढं वाजवा."

मी वाजवलं. त्या खुर्चीवर बसल्या, डोळे मिटले. संपल्यावर म्हणाल्या की मेट्रन गेल्यानंतर हा तुकडा आज पहिल्यांदा ऐकला, एवढी वर्षं फक्त मनातल्या मनात मोजत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

एक अडचण मात्र रोजची होती. घर लाइनला लागून, आणि गोंदियाहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या मालगाड्यांना अंत नाही. गाडी आली की भिंती हलायच्या, काही ऐकू यायचं नाही. आम्ही थांबायचो, चहा व्हायचा, गाडी गेली की पुन्हा सुरू.

दुसऱ्या वर्षी हंगाम संपला तोवर सहाही गाणी बसली. सिस्टर म्हणाल्या, आता चार माणसांना ऐकवू. पियानो हलवला असता तर माझी सगळी मेहनत वाया गेली असती, म्हणून माणसंच घरी बोलवायचं ठरलं. रविवारची सकाळ. सिस्टरबरोबर नोकरी केलेल्या सात-आठ म्हाताऱ्या नर्सा, शेजारपाजारचे, देवरीकडून सिस्टरचा धाकटा भाऊ, माझी बायको आणि आमच्या नाटकातला तबलावाला. खोलीत जागा नव्हती. निम्मे ओसरीवर बसले, खिडक्या उघड्या ठेवल्या.

सिस्टरने पांढरी साडी नेसली होती. पियानोला एक हात टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इंग्रजी गाणी आहेत. समजलं नाही तं काही बिघडत नाही. प्रत्येक गाण्याआधी मी सांगतो काय आहे ते." तसं त्यांनी सांगितलंही, एखाद्या पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तसं.

पहिली तीन नीट झाली. पानगळीचं गाणं चालू असताना तबलावाल्याची बोटं मांडीवर सुरू झाली. माझ्या बायकोने त्याच्याकडे बघितलं तेव्हा बोटं थांबली. चौथं गाणं संध्याकाळी गाईंना हाका मारत घरी आणणाऱ्या माणसाचं. मला सगळ्यांत जवळचं, कारण त्याच्या चालीत हाक आहे आणि आम्हालाही हाक मारता येते. त्याचं दुसरं कडवं सुरू झालं आणि लांबून शिट्टी ऐकू आली.

मालगाडी होती. मी सिस्टरकडे बघितलं. सरावात इथे आम्ही थांबलो असतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत होत्या, आणि गात राहिल्या. इंजिन पोहोचलं. मला त्यांचा आवाज येईना, मग माझा पियानोही येईना. फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते, तेही बाजूने. संगत करणाऱ्या माणसाला गाणारा ऐकू आला नाही तर त्याने काय करायचं? बावीस वर्षांच्या शिक्षणात याला उत्तर नव्हतं. मी पुस्तकाकडे बघितलं. माझ्या हाताने लिहिलेलं पांढरी, काळी तिथे होतं. मी तेवढंच धरलं आणि मोजत गेलो. डबे संपत नव्हते. ओसरीवरची माणसं गाडीकडे न बघता आमच्याकडे बघत होती, एवढं डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. पान उलटायचं होतं, ते मी डाव्या हाताने उलटलं आणि एक सूर गाळला.

शेवटचा डबा गेला. आवाज ओसरला तशी सिस्टरची हाक कानावर आली, उंच, जराशी कापणारी, आणि तिच्याखाली माझे सूर. आम्ही एकाच ओळीवर होतो. अगदी खरं सांगायचं तर मी अर्ध्या मात्रेने पुढे होतो, भीतीने हात पळाला असेल. मी किंचित सैल केलं आणि पुढच्या शब्दाला जुळलो. खोलीत कोणाला काही कळलं नसेल. सिस्टरला कळलं. त्यांनी पियानोवर टेकलेल्या हाताचं एक बोट उचललं आणि खाली ठेवलं.

उरलेली दोन गाणी मी निवांत वाजवली.

संपल्यावर टाळ्या वाजल्या, नर्सांनी सिस्टरला गराडा घातला. पोहे झाले. तबलावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, बाकी ठीक आहे, पण याच्यात ठेका काऊन नाही?" मी म्हटलं, आहे, पण दाखवत नाहीत. त्याला ते पटलं नाही. सिस्टरचा भाऊ कोपऱ्यात बसून होता. तो सिस्टरला गोंडीत काहीतरी म्हणाला. मी विचारलं काय म्हणतो.

"तो म्हणते," सिस्टर म्हणाल्या, "मास्तर सगळा वेळ तुह्यापेक्षा वेगळंच बोलून राहिला होता, तरी भांडण दिसलं नाही."

परतताना बायको मागे बसली होती. गोरेगाव ओलांडल्यावर म्हणाली, चौथं गाणं छान होतं. मी म्हटलं, मला तिसरं जास्त आवडतं. ती म्हणाली, बरं. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, तिसऱ्यात शेवटी फार लांबवता. मी म्हटलं, लांबवत नाही, तेवढंच आहे. अशा रीतीने आम्ही कोहमाऱ्यापर्यंत वाद घालत आलो.

त्यानंतरच्या हंगामात मी नाटकातही थोडं बदलून पाहिलं. एका भावगीताला गाणाऱ्या मुलीच्या मागे न जाता मी तिच्या दोन ओळींमध्ये काही वेगळं ठेवलं आणि ती गात असताना हात कमी केला. ती विंगेत येऊन चिडली. "मास्तर, सूर काऊन सोडला माह्या?" मी माफी मागितली. दुसऱ्या गावी तिनेच येऊन सांगितलं, तसंच करा, पण मला आधी सांगून करा. एका म्हाताऱ्या नटाने मात्र अजून माफ केलेलं नाही, त्याच्यासाठी मी जुन्या पद्धतीनेच वाजवतो. दोन्ही येतं, म्हणून काही बिघडत नाही.

या उन्हाळ्यात सिस्टरने पोस्टाने एक नवं पुस्तक मागवलं आहे. तेही जुन्याच काळातलं, चार गाण्यांचं. ही गाणी मेट्रनने शिकवलेली नाहीत, आम्ही दोघांनीही कधी ऐकलेली नाहीत. मी आता पेन्सिलीशिवाय वाचतो, डावीकडचंही. सिस्टरला वाटतं पहिलं गाणं संथ घ्यावं, त्यातली बाई थकलेली आहे म्हणून. मी खालच्या ओळी चारदा वाजवून बघितल्या आहेत. बाई थकलेली नाही, ती रागावलेली आहे, आणि हे मी या रविवारी जाऊन त्यांना सांगणार आहे.